विषयाच्या ओळी सुचवणारी सेवा : पुस्तकांच्या दुकानातून केलेली वर्षभराची पारख

ग्राहकांना ई-मेल पाठवण्यासाठी आणि त्या ई-मेलच्या विषयाची ओळ सुचवण्यासाठी आम्ही जून २०२४ पासून पूर्ण एक वर्ष जी सेवा वापरली, तिचे हे परीक्षण आहे. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिच्याआधी आणखी एका सेवेचा दोन महिने फुकट अनुभव घेतला होता आणि पुढे सांगितलेल्या दोषांपैकी निम्मेअधिक तिच्यातही जसेच्या तसे होते. तेव्हा एकीचेच नाव घेऊन दुसरीला मोकळे सोडण्यात अर्थ नाही. शिवाय जे सांगायचे आहे ते मराठीतून पत्रव्यवहार करणाऱ्या कोणत्याही लहान धंद्याला अशी सेवा घेताना उपयोगी पडावे, एवढाच हेतू आहे.

आमचे मराठी पुस्तकांचे दुकान अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आहे आणि ते वडिलांनी सुरू केले. वडील दर दिवाळीआधी गावोगावच्या ग्राहकांना छापील पत्रके टपालाने पाठवत. मी तेच काम ई-मेलने करते. यादीत २,१४० पत्ते आहेत. त्यांतले निम्मे पुण्याबाहेरचे, म्हणजे बेळगाव, इंदूर, बडोदे, नागपूर इथले, आणि साधारण १८० अमेरिकेतले आहेत. बहुतेकांनी साठी ओलांडली आहे. ही माणसे जाहिरातीची पत्रे चाळत नाहीत, वाचतात, आणि पटले नाही तर फोन करून सांगतात. सेवेचे मूळ शुल्क दरमहा १,९०० रुपये होते आणि विषयाची ओळ सुचवण्याच्या सोयीचे ८०० रुपये वेगळे, शिवाय जीएसटी. माझी मुख्य तक्रार या ८०० रुपयांबद्दल आहे.

ही सोय वापरायला अगदी सोपी आहे. एका चौकटीत आपली ओळ लिहायची. शेजारी शंभरांपैकी गुण दिसतात आणि खाली पाच पर्यायी ओळी येतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी लिहिले, ‘दिवाळी अंक आले : १२ अंकांचा संच, टपाल खर्चासह’. गुण मिळाले ४१. ओळीत ‘भावनिक ओढ नाही’ आणि ‘कुतूहल निर्माण होत नाही’ असा शेरा होता. सुचवलेल्या पाचांपैकी सर्वांत जास्त, ८८ गुणांची ओळ होती, ‘तुमचे काहीतरी राहून गेले आहे…’. खालच्या दोन ओळी इतक्या उघडपणे इंग्रजीतून उतरवलेल्या होत्या की त्या वाचताना मनातल्या मनात मूळ वाक्य ऐकू येत होते; त्यांतली एक ‘तुमचे वाचन पुढच्या पातळीवर न्या’ अशी होती. वाचनाला पातळी असते हे मला त्या दिवशी कळले. तरीही नवी सोय घेतली आहे तर ती वापरून पाहावी, या विचाराने ८८ गुणांची ओळ मी निम्म्या यादीला पाठवली आणि माझी ४१ गुणांची ओळ उरलेल्या निम्म्या यादीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच फोन सुरू झाले. बेळगावच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारले, “अहो, माझे काय राहून गेले आहे? गेल्या वर्षीचे पैसे तर मी मनीऑर्डरने पाठवले होते. पावती काढून ठेवली आहे, आकडा सांगू का?” अशा अर्थाचे चार फोन आले. ज्या पिढीने किराणा दुकानातली उधारीची वही पाहिली आहे, तिला दुकानदाराकडून आलेले ‘राहून गेले आहे’ हे शब्द एकाच अर्थाने ऐकू येतात. पत्र उघडणाऱ्यांचा आकडा सेवेच्या म्हणण्याप्रमाणे खरोखरच वाढला होता : ओढ लावणारी ओळ ३४ टक्के लोकांनी उघडली आणि माझी रुक्ष ओळ २५ टक्क्यांनी. मात्र संचाच्या मागण्या पहिल्या गटातून १९ आल्या आणि दुसऱ्यातून ४४. सेवेच्या अहवालात पहिल्या ओळीवर हिरवी खूण होती. मागण्यांचा आकडा त्या अहवालात कुठेच नव्हता, कारण आमचे बरेचसे ग्राहक फोनवर मागणी नोंदवतात आणि ती आमच्या वहीत चढते.

‘उघडले’ या आकड्यावर ही सगळी गुणपद्धती उभी आहे, आणि तो आकडाच कच्चा आहे. पत्रात न दिसणारे एक ठिपक्याएवढे चित्र असते. ते पाठवणाऱ्याच्या संगणकावरून मागवले गेले की पत्र उघडले असे धरतात. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ या आयफोनच्या प्रणालीबरोबर अशी सोय आणली की ती चालू ठेवणाऱ्या माणसाने पत्र वाचले काय आणि न वाचले काय, ॲपलची मेल व्यवस्था ती चित्रे आधीच स्वतः मागवून ठेवते. माणसाच्या खासगीपणासाठी ते चांगलेच आहे, पण आमच्या अमेरिकेतल्या ग्राहकांपैकी अनेकांकडे आयफोन असल्याने त्या गटात ‘उघडले’चा आकडा नेहमीच फुगलेला दिसे. ॲपलची उघडणी वगळून मोजण्याची खूण या सेवेत आहे. पण ती आपणहून चालू केलेली नसते आणि तीन पाने आत दडवलेली आहे. मला ती फेब्रुवारीत सापडली.

दोन ओळींची तुलना करण्याची जी ए-बी चाचणी ही सेवा देते, तिच्यातही असाच घोळ आहे. पद्धत अशी की यादीतल्या दहा टक्क्यांना एक ओळ, दुसऱ्या दहा टक्क्यांना दुसरी ओळ पाठवायची, चार तास थांबायचे आणि जिंकलेली ओळ उरलेल्या ऐंशी टक्क्यांना आपोआप जायची. ज्यांच्या यादीत लाखो पत्ते आहेत त्यांच्यासाठी हे शहाणपणाचे आहे. सेवेच्या प्रशिक्षणाच्या चित्रफितीत ओबामांच्या २०१२ च्या निवडणूक मोहिमेचा दाखला आहे. त्या मोहिमेत निधी मागणाऱ्या पत्रांच्या ओळी अशाच आधी थोड्या लोकांवर तपासून पाहत आणि नुसते इंग्रजीतले ‘हे’ म्हणून हाक मारणारी एका शब्दाची ओळ फार यशस्वी ठरली होती. आमच्या यादीचे दहा टक्के म्हणजे २१४ माणसे. जानेवारीत मी एक खोडी केली. दोन्ही गटांना एकच ओळ पाठवली, अक्षरन् अक्षर तीच. पहिल्या गटात ६१ जणांनी उघडली आणि दुसऱ्यात ४८ जणांनी. सेवेने पहिली ओळ विजयी म्हणून जाहीर केली, दोन्हींतला फरक सहा टक्क्यांचा असल्याचे अभिनंदन केले आणि तीच ओळ उरलेल्यांना पाठवली. दोनशे माणसांच्या गटात इतका फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो, हे कॉलेजात संख्याशास्त्राचा एक पेपर दिलेल्या कोणालाही कळेल. ‘फरक पुरेसा नाही’ एवढे तीन शब्द पडद्यावर दाखवणे अवघड नव्हते. ते दाखवले तर लहान यादीचे गिऱ्हाईक चाचणीचे पैसे कशासाठी देईल, हा प्रश्न मात्र उरतो.

त्या एका शब्दाच्या हाकेवरून आठवले. चित्रफीत पाहून मी मराठीत तसे काही करावे म्हणून सेवेला विचारले, तर तिने सुचवले, ‘अहो, ऐकलंत का?’ दुकानाचा हिशेब गेली बावीस वर्षे पाहणारे काका तेव्हा शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “ताई, ही हाक आपल्याकडे फक्त स्वयंपाकघरातून येते.” ती ओळ पाठवली नाही.

संबोधनाचा प्रश्न याहून गंभीर आहे. विषयाच्या ओळीत ग्राहकाचे नाव आपोआप घालण्याची सोय सगळ्याच सेवा देतात आणि तिची भलावणही पुष्कळ करतात. सेवा पत्त्याच्या नोंदीतला पहिला शब्द हे नाव मानते. आमच्या यादीतले निम्मे लोक शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे असे लिहितात. त्यामुळे ‘कुलकर्णी, तुझ्यासाठी खास पाच पुस्तके’ अशी ओळ तयार झाली, आणि ती कोणाही कुलकर्णीबाईंना किंवा कुलकर्णीबुवांना पाठवण्याची माझी हिंमत झाली नाही. इंग्रजीतल्या एकाच सर्वनामाचे मराठीत तू करायचे, तुम्ही करायचे की आपण, याचा निर्णय सेवा पत्रागणिक वेगळा घेते. एकाच पत्राची ओळ अरे-तुरेची आणि आतला मजकूर ‘आपण’चा असे दोनदा झाले. मी विचारणा केली तेव्हा आदरार्थी रूप कायम ठेवण्याची खूण सेवेत नाही, असे उत्तर आले. उत्तर तत्पर आणि नम्र होते, हेही नोंदवते.

आता अक्षरांविषयी, कारण मराठीतून लिहिणाऱ्याला याचा जाच सर्वांत जास्त होतो. ओळ साठ अक्षरांच्या आत असावी असा सेवेचा दंडक आहे आणि त्याबाहेर गेले की गुण भराभर कापले जातात. पण संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताची खूण ही सगळी वेगळी अक्षरे म्हणून मोजतो. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द आपल्या डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या लेखी तो सतरा अक्षरांचा आहे. म्हणजे शालेय पुस्तकांच्या पत्राची ओळ या एका शब्दाने सुरू केली की साठातला पाव भागाहून अधिक वाटा तिथेच संपतो, आणि पडद्यावर मात्र अजून बोटभरही जागा गेलेली नसते. परिणामी सेवा जोडाक्षरांना दंड करते. गुण वाढवण्याच्या नादात मी काही दिवस सोपे, बिनजोडाक्षरी शब्द शोधत बसले होते, हे कबूल करायला हवे.

याच्याच जोडीला दुसरी अडचण आली. काही ग्राहकांनी कळवले की विषयाच्या ओळीत मध्येच काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसते. ई-मेलचा मूळ साचा इंग्रजी लिपीपुरता असल्यामुळे देवनागरी ओळ सांकेतिक रूपात बांधून पाठवावी लागते, आणि १९९६ च्या नियमाप्रमाणे अशा प्रत्येक पुडीची कमाल लांबी ७५ चिन्हे असते. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीची तीन मापे, घेते. बांधणीचा खर्च वजा केला तर नेहमीच्या पद्धतीत एका पुडीत जेमतेम पंधरा चिन्हे मावतात. म्हणून आमच्या प्रत्येक ओळीच्या तीन-चार पुड्या होतात. पुडी चिन्हाच्या मधोमध फोडू नये, असे तो नियमच सांगतो. ही सेवा बाइट मोजून फोडत होती. ओळीत मध्ये रिकामी जागा किंवा इंग्रजी आकडा आला की तीनाचे गणित चुकायचे आणि एखादी वेलांटी अर्धी या पुडीत, अर्धी त्या पुडीत जायची. बहुतेक मेलपेट्या ते सांधून घेतात, काही घेत नाहीत. मी नमुन्यासह तक्रार केली आणि तीन आठवड्यांत दुरुस्ती झाली. या एका बाबतीत सेवेला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत, कारण दुसऱ्या सेवेने याच तक्रारीवर ‘कृपया इंग्रजी ओळ वापरून पाहा’ असा सल्ला दिला होता.

फोनच्या पडद्यावर ओळ कुठे तुटते, हे दाखवणारा नमुना सेवेत आहे, पण तो इंग्रजी अक्षरांच्या रुंदीवर बेतलेला असावा, असे वाटते. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून. ऑक्टोबरच्या अखेरीस मी ओळ पाठवली, ‘संचावरील सवलतीची मुदत ३१ तारखेनंतर वाढवली जाणार नाही’. नमुन्यात ती पूर्ण दिसत होती. ग्राहकांच्या फोनवर ती ‘संचावरील सवलतीची मुदत ३१ तारखेनंतर वाढवली…’ इथे तुटली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सवलत मागणारे अकरा फोन आले आणि आम्ही अकराही जणांना सवलत दिली, कारण त्यांनी वाचले ते त्यांच्या परीने बरोबरच होते. तेव्हापासून नकार आणि तारीख पहिल्या चार शब्दांत आणायची, असे मी ठरवले आहे : ‘शेवटचा दिवस गुरुवार : संचावरील सवलत’. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्यही नाही, पण सरकारी पत्रावरच्या ‘विषय : अमुक अमुक मिळणेबाबत’ या ओळीतही क्रियापद नसते, आणि ती ओळ वाचून कारकुनाला कागद कुठल्या टेबलावर पाठवायचा ते नेमके कळते. मराठी माणसाने आयुष्यभर अर्ज लिहिताना विषयाची ओळ लिहिली आहे. त्या सवयीचा या सेवेला पत्ता नाही. ‘बाबत’ने संपणाऱ्या ओळीला ती १२ गुण देते.

विषयाच्या पुढे फिकट अक्षरांत दिसणाऱ्या जोडओळीसाठी वेगळी चौकट दिली आहे, ती मात्र फार उपयोगाची. ती रिकामी ठेवली तर बहुतेक ठिकाणी पत्राच्या डोक्यावरचा ‘हे पत्र नीट दिसत नसल्यास इथे टिचकी मारा’ हा मजकूर तिथे जाऊन बसतो, आणि पहिले सहा महिने आमच्या पत्रांचे तसेच झाले होते. आता तिथे किंमत आणि टपालाचा दिवस लिहिते. गावानुसार गट पाडण्याची सोयही उत्तम आहे. ‘बेळगाव, धारवाड, हुबळी : पार्सल सोमवारी निघेल’ ही ओळ ९६ जणांना गेली आणि तिच्यावर दुपारपर्यंत २२ मागण्या आल्या. ‘मोठ्या टाइपातली १४ नवी पुस्तके’ या ओळीने तर आमच्या मार्च महिन्याची विक्री उचलून धरली. चाळिशीचा नव्हे तर सत्तरीचा चष्मा असलेल्या वाचकाला आणखी कोणत्या कुतूहलाची गरज असते? गुणपत्रिकेत तिला ३८ होते.

एका सूचनेबद्दल नाराजी स्पष्ट नोंदवायला हवी. पाच पर्यायांत अधूनमधून असे पर्याय येत की ज्यांत सुरुवातीला इंग्रजीतली ‘आर-ई’ ही अक्षरे जोडून पत्र म्हणजे ग्राहकाच्या आधीच्या पत्राचे उत्तर आहे, असा भास निर्माण केलेला असे. अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने मजकुराबद्दल दिशाभूल करणारी विषयाची ओळ लिहायला बंदी आहे, आणि आमचे १८० ग्राहक तिथेच राहतात. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या ग्राहकाचे आईवडीलही आपल्याकडून पुस्तके नेत होते, त्याला फसवून पत्र उघडायला लावायचे आणि मग त्याच्याकडेच पुस्तक विकत घे म्हणायचे, हे कोणत्या तोंडाने?

पत्र पोहोचवण्याचे मूळ काम सेवा चोख करते. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांवर कडक अटी घातल्या : दिवसाला ५,००० पत्रांवरच्या मंडळींनी पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी ठेवाव्यात, एका टिचकीत नाव कमी करता यावे आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारी हजारी तीनच्या खाली राहाव्यात. आम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नाही, तरी सेवेच्या माणसाने फोनवर एक तास बसून तिन्ही नोंदी करून दिल्या, तेही मराठीतून. ‘तुमचे काहीतरी राहून गेले आहे’नंतर सहा जणांनी स्पॅमची कळ दाबली होती. एक हजार सत्तर पत्रांत सहा म्हणजे हजारी तीनची रेघ ओलांडलीच. त्या दिवशीचा इशाराही सेवेनेच पाठवला, आणि तोही हिरव्या खुणेच्या शेजारी.

त्याच ऑक्टोबरातले एक निरीक्षण सांगते. तीन तारखेला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि पुढच्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या मेलपेटीत साड्या, सदनिका, श्रवणयंत्रे आणि सहली विकणाऱ्यांची पत्रे ‘अभिजात’ या शब्दाने सुरू होत होती. सेवा मलाही रोज तोच शब्द सुचवत होती आणि त्याला नव्वदच्या पुढे गुण देत होती. सगळ्यांना एकच सल्ला विकला की दहावे पत्र पहिल्यासारखेच दिसते, आणि आमचे तर खरोखरच मराठी पुस्तकांचे दुकान.

जून २०२५ मध्ये मूळ सेवेचे नूतनीकरण केले आणि ओळ सुचवण्याची सोय बंद केली. ज्यांची यादी पाच हजारांच्या आत आहे आणि जे मराठीत लिहितात, त्यांनी गट पाडणे, जोडओळ आणि पोहोच यांसाठी अशी सेवा जरूर घ्यावी. ओळ सुचवण्याच्या वरच्या सोयीचे पैसे भरू नयेत. ओळ आता मी लिहिते, काकांच्या साध्या फोनवर आधी पाठवते आणि ते ती मोठ्याने वाचून दाखवतात. जिथे ते अडखळतात तिथे बदलते. सोय बंद करायला चार मिनिटे लागली. शेवटी कारण लिहिण्यासाठी शंभर अक्षरांची चौकट होती. जोडाक्षरांमुळे माझे कारण तिच्यात मावले नाही, म्हणून ‘महाग’ एवढेच लिहिले.